अल्प पणाचें द्यूत

जुगार वाईट, हें वाक्य आपल्या समाजांत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, तो कां वाईट याचा विचार करण्याची गरज बहुधा कोणास भासत नाहीं. ऋग्वेदांतील अक्षसूक्ताची व महाभारतांतील सभापर्वाची साक्ष काढिली म्हणजे वाद मिटला, असें आपण समजतों. परंतु ज्या दोषाचें नांव घेतांच सर्वांच्या माना डोलतात, तोच दोष सौम्य रूपानें घरांत शिरला तर त्यास ओळखावें कसें, हें मात्र आपणांस सांगतां येत नाहीं. कारण आपण त्याचा धिक्कार करावयास शिकलों, त्याची व्याख्या करावयास शिकलों नाहीं.

असें एक सौम्य रूप आज आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, मध्यम स्थितीच्या कुटुंबांत दिसूं लागलें आहे. वाळूज, शेंद्रा येथील कारखान्यांत चांगल्या वेतनावर असलेले तरुण चार दिवसांची सुटी काढून गोव्यास जातात, समुद्र पाहतात, मंगेशीचें दर्शन घेतात, आणि एखादी रात्र पणजीस मांडवी नदींत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर काढतात. त्यांतील कित्येक फिरत्या चक्राच्या किंवा यंत्राच्या जवळहि जात नाहींत. ते पोकर नांवाचा पत्त्यांचा डाव खेळतात, आणि तोहि सर्वांत लहान पणाच्या टेबलावर. घरीं परतल्यावर ही गोष्ट वडिलांच्या कानीं जाते, आणि अबोला सुरू होतो. वडील म्हणतात, 'हा जुगार आहे.' मुलगा म्हणतो, 'हा बुद्धीचा खेळ आहे, आणि मी त्यांत घालवितों तेवढे पैसे लोक एका जेवणावर घालवितात.' दोघेहि प्रामाणिक आहेत, आणि आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. घरदार गहाण टाकणाऱ्या जुगाऱ्याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. विचार करावयाचा तो सज्जन, कर्तव्यदक्ष, कर्ज न काढणाऱ्या माणसाच्या लहानशा जुगाराचा.

ज्यांना हा डाव ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. या खेळाचा आज सर्वांत रूढ असलेला प्रकार टेक्सास होल्डेम या नांवानें ओळखला जातो. बावन्न पानांच्या जोडांतून प्रत्येकास दोन पानें पालथीं मिळतात. मग टेबलाच्या मध्यावर प्रथम तीन, नंतर एक व शेवटीं आणखी एक, अशीं पांच पानें उघडीं मांडलीं जातात. आपलीं दोन व मधलीं पांच मिळून सातांतून उत्तम पांच पानें ज्याचीं, त्यानें मधली रक्कम उचलावी. डावाच्या आरंभीं दोघांस ठराविक रक्कम सक्तीनें मांडावी लागते, आणि पुढें चार वेळां प्रत्येकास बरोबरी करण्याची, रक्कम वाढविण्याची किंवा पानें टाकून देण्याची मुभा असते. इतर सर्वांनीं पानें टाकलीं तर उरलेल्याच्या हातांत कांहींहि असो, रक्कम त्याची. म्हणून या खेळांत हूल देण्यास मोठें महत्त्व आहे. तीनपत्ती पाहिलेल्या वाचकांस यांत फारसें नवल वाटणार नाहीं. मुख्य ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, येथें कॅसिनोचा मालक स्वतः खेळत नाहीं. तो टेबल, पानें व पानें वांटणारा नोकर पुरवितो, आणि त्याबद्दल डावांतील रकमेंतून आपला भाग काढून घेतो. खेळाडू खेळतात ते एकमेकांविरुद्ध.

हें सर्व गोव्यांत कायदेशीर आहे. तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यांत १९९२ सालीं दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास परवानगी मिळाली, आणि १९९६ सालीं जहाजांवरील खेळांस. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेंहि १९७६ सालींच कॅसिनोंस परवाना देणारा एक कायदा संमत केला होता. तो कधींच अमलांत आला नाहीं, आणि २०२३ सालीं रद्द करण्यांत आला. गोव्याच्या सरकारनें २०२० सालीं आपल्या रहिवाशांस कॅसिनोच्या खेळाच्या दालनांत जाण्यास बंदी केली. बाहेरून येणाऱ्यांस मात्र दार मोकळें राहिलें. जो यजमान आपल्या मुलांस एका खोलींत जाऊं देत नाहीं, परंतु शेजाऱ्यांच्या मुलांसाठीं तिचें दार उघडें ठेवितो, त्याचें त्या खोलीविषयींचें खरें मत काय असावें, हें उघड आहे. तथापि सरकारचें मत म्हणजे नीतीचा निर्णय नव्हे, म्हणून आपण मूळ प्रश्नाकडे वळूं.

या खेळावर सामान्यतः दोन आरोप होतात. पहिला असा कीं, यांत कपट शिकवितात. हा आरोप आम्हांस टिकणारा वाटत नाहीं. कुस्तींत मल्ल एका बाजूस झुकल्याचें दाखवून दुसरीकडून पट काढतो, त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. कारण तेथें हूल देणें हें खेळाच्या करारांतच आहे. असत्य तेथें होतें, जेथें समोरच्यास सत्याची अपेक्षा करण्याचा अधिकार असतो. पोकरच्या टेबलावर तो अधिकार सर्वांनीं आपखुशीनें सोडलेला असतो. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञानें मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या सहकार्यानें १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत पोकरमधील हुलीचें गणित मांडलें आहे. कधींच हूल न देणारा खेळाडू फार सहज ओळखला जातो, हें त्यावरून स्पष्ट होतें.

दुसरा आरोप असा कीं, हा सर्व दैवाचा खेळ आहे आणि कष्टावांचून पैसा मिळविण्याची वासना त्यानें बळावते. हाहि आरोप अर्धाच खरा आहे. दोन एक्के हातीं येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदां येतो, आणि ते आले तरी कोणतींहि दोन पानें घेऊन बसलेल्या एकट्या प्रतिस्पर्ध्यापुढें शंभरांत सुमारें पंधरा वेळां हार पत्करावी लागते. म्हणजे एका डावांत दैव आहेच. परंतु हजारों डावांत दैव सर्वांस सारखेंच वांटलें जातें, आणि जो पानें टाकण्याचा संयम राखतो, समोरच्याची रीत ओळखतो आणि संभवाचा हिशेब करितो, तो पुढें जातो. आपल्या पूर्वजांसहि हें ठाऊक होतें. नलाख्यानांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे दृष्टि टाकून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो, आणि तीच गणनेची विद्या, अक्षहृदय, नलास देतो. ती मिळाल्यावर नल द्यूतांत जिंकतो.

येथें मुलाचा पक्ष बळकट झाला असें वाटेल. आपल्या न्यायालयांनींहि कौशल्य आणि दैव यांच्यामध्यें रेषा ओढिली आहे. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असें ठरविलें. पोकरविषयीं मात्र एकमत नाहीं. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ सालीं तो जुगारच आहे असा निर्णय दिला. २०२५ सालच्या ऑगस्टमध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें तर महाजालावर पैसे लावून खेळावयाच्या खेळांपुरता हा भेदच बाजूस ठेविला, आणि कौशल्याच्या व दैवाच्या दोन्ही खेळांस सारखीच बंदी घातली. कायद्यास कोठें तरी रेषा ओढावी लागते, हें आम्ही समजतों. परंतु नीतीच्या दृष्टीनें पाहतां, 'हा कौशल्याचा खेळ आहे' हा बचाव आम्हांस विलक्षण वाटतो. सोडतीच्या खेळांत सर्व सारखेच आंधळे असतात. कोणी कोणाहून बलवान नसतो. ज्या क्षणीं आपण म्हणतों कीं, येथें कौशल्य चालतें, त्या क्षणीं आपण हेंहि कबूल करितों कीं, येथें जाणता हा नेणत्याचे पैसे घेतो, आणि आपण घेणार हें त्यास आधींच माहीत असतें. कौशल्यानें दैवाचा दोष कमी होतो हें खरें. परंतु त्याबरोबर जबाबदारी वाढते. नलानें जिंकल्यावर काय केलें, हें या ठिकाणीं आठवावें. त्यानें पुष्करास जीवदान दिलें आणि त्याचा वांटा त्यास परत केला.

आतां अल्पतेचा विचार करूं. मुलगा म्हणतो, रक्कम लहान आहे. परंतु लहान म्हणजे कोणाच्या मापानें? त्या टेबलावर पैशाऐवजीं रंगीत चकत्या असतात, आणि कोणत्या चकतीमागें कोणाचें घर उभें आहे हें त्यांवरून दिसत नाहीं. एकाची चकती जेवणाच्या खर्चांतून आलेली असते, दुसऱ्याची मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून. लहान पणाच्या टेबलावर केवळ गंमत म्हणून आलेले बसतात हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं, ज्यांना मोठा पण झेपत नाहीं असे आणि चक्रावर हरलेलें येथें भरून काढूं पाहणारेहि तेथेंच बसतात. आपला पण आपल्या मापानें लहान आहे एवढेंच आपण म्हणूं शकतों. समोरच्याच्या वतीनें तें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

शिवाय टेबल जितकें लहान, तितका मालकाचा भाग जड. उदाहरणादाखल एक हिशेब मांडूं. नऊ जण प्रत्येकीं पांच हजार रुपये घेऊन बसले. टेबलावर पंचेचाळीस हजार जमले. तासास पंचवीस डाव झाले आणि मालकानें दर डावास सरासरीनें शंभर रुपये घेतले, असें समजा. सहा तासांत पंधरा हजार रुपये, म्हणजे सर्व रकमेचा तिसरा हिस्सा, टेबलावरून नाहींसा झाला. उरलेले तीस हजार नऊ जणांत कसेहि वांटले, तरी नऊ जण मिळून हरलेलेच असतात. एक जण दहा हजार जिंकून उठला, तर बाकीच्यांच्या खिशांतून पंचवीस हजार गेले असें समजावें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि द्यूताध्यक्षानें जिंकलेल्या रकमेवर शेंकडा पांच घ्यावेत अशी व्यवस्था आहे. म्हणजे ही पद्धति नवी नाहीं. या हिशेबावरून इतकें दिसतें कीं, लहान टेबलावर थोडा संयम पुरत नाहीं. मालकाचा भाग भरून वर कांहीं उरावें, तर समोर बरेंच चुकणारे लोक असले पाहिजेत.

आम्हांस जो मुद्दा मांडावयाचा आहे तो येथें येतो. कोणत्याहि खेळाची नैतिक परीक्षा आमच्या मतें एका प्रश्नानें होते: समोरचा चांगला खेळावा अशी इच्छा मला मनापासून धरतां येते काय? मल्ल आपल्यास साजेशी जोड शोधतो. बुद्धिबळाची आवड असलेल्या माणसास नवख्याशीं खेळून लवकरच कंटाळा येतो. प्रतिस्पर्ध्यानें सुंदर चाल केली तर हरतांनाहि त्याच्या तोंडून 'वाहवा' निघते. जिंकावें असें दोघांनाहि वाटतें, परंतु चांगल्या खेळाविरुद्ध जिंकावें असें वाटतें. खऱ्या पैशाच्या पोकरमध्यें ही इच्छा उलटी होते. या खेळाचें शास्त्र शिकविणारे पहिला धडा हाच देतात कीं, दुबळे खेळाडू जेथें असतील तें टेबल निवडा. त्या मंडळींच्या बोलींत नवख्यास 'मासा' म्हणतात. आणि त्याच बोलींत एक शिष्टाचार सांगितला जातो कीं, माशाच्या पेटीच्या कांचेवर टकटक करूं नये. म्हणजे नवख्यानें कितीहि वेडगळ खेळ केला तरी त्यास हंसूं नये, त्याची चूक दाखवूं नये, नाहीं तर तो शहाणा होईल किंवा उठून जाईल.

या शिष्टाचारानें आम्हांस जितकें अस्वस्थ केलें, तितकें कोणा कर्जबाजारी जुगाऱ्याच्या कथेनें केलें नाहीं. तेथें सौजन्य आहे, मंद हास्य आहे, 'आपलें दैव वाईट हो' असें सांत्वन आहे. आणि त्या सर्वांचा हेतु हा कीं, समोरच्याचें अज्ञान टिकावें. आमचें सर्व आयुष्य शिकविण्यांत गेलें. ज्या ठिकाणीं शिकविणें हा तोटा ठरतो, त्या ठिकाणीं मनुष्यास मनुष्याविषयीं वाटावयाच्या भावनेंत कांहीं तरी बिघडलें आहे, असें आम्ही म्हणतों. आणि हा बिघाड पणाच्या आकारावर अवलंबून नाहीं. पण लाखाचा असो कीं शंभराचा, इच्छेची दिशा तीच राहते.

यावर एक चतुर आक्षेप येईल. स्पर्धा कोठें नाहीं? परीक्षेस बसलेला विद्यार्थी इतरांनीं चुकावें असें मनांत म्हणत नसेल काय? दुकानदार गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर कधीं नफा काढीत नाहीं काय? काढतो, आणि तेव्हां आपण त्यास दोष देतों. परंतु प्रामाणिक व्यापारांत कापड गिऱ्हाइकाच्या घरीं जातें आणि पैसा दुकानीं राहतो. दोघांसहि जें हवें तें मिळतें. परीक्षेंतून कोणी तरी वैद्य होतो आणि त्याचा लाभ परीक्षेंत नसलेल्या रोग्यास होतो. पोकरच्या टेबलावर एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीखेरीज दुसऱ्या कशांतूनहि निघत नाहीं. करमणूक निघते असें कोणी म्हणेल. ती निघते हें आम्हांस मान्य आहे, आणि एवढी रक्कम गेली असें समजूनच जो बसतो, त्यानें नाटकाचें तिकीट काढिलें असें म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, नाटकाच्या तिकिटाची किंमत आधीं ठरलेली असते, आणि प्रेक्षकास नाटक कळूं नये अशी नटाची इच्छा नसते.

या खेळांत चांगलें कांहींच नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. निर्णय चांगला असूनहि फळ वाईट येऊं शकतें, आणि फळ चांगलें आलें म्हणून निर्णय चांगला होता असें ठरत नाहीं, हा धडा पोकर जितक्या रोखठोकपणें शिकवितो तितका क्वचितच दुसरा खेळ शिकवीत असेल. फलासक्तीविषयीं आपण मोठमोठीं प्रवचनें ऐकतों, आणि मुलाचे गुण कमी आले कीं त्याच्या अभ्यासाची चौकशी न करितां त्यास बोल लावतों. अशा बापानें या बाबतींत मुलाकडून कांहीं शिकण्यासारखें आहे. आणखी एक गोष्ट. अनोळखी माणसांनीं पांचसहा तास समोरासमोर बसावें, जातगोत किंवा हुद्दा न विचारतां बोलावें, अशा जागा आमच्या शहरांत फार थोड्या आहेत. कामावरून खोलीवर आणि खोलीवरून कामावर जाणारा एकटा तरुण त्या टेबलाकडे ओढला जातो, तो केवळ लोभानेंच असें मानणें अन्यायाचें होईल.

हे गुण पैशावांचून मिळतील काय? जाणते म्हणतात, मिळणार नाहींत. गमावण्यासारखें कांहीं नसलें तर कोणी पानें टाकीत नाहीं आणि हुलीस अर्थ उरत नाहीं. यांत तथ्य आहे. परंतु कांहीं तरी गमवावें लागणें निराळें, आणि तें दुसऱ्यानें कायमचें घेऊन जाणें निराळें. आमच्या शहरापासून सुमारें तीस किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या २१ व्या व २९ व्या लेण्यांत शिवपार्वतींच्या द्यूताचीं शिल्पें आहेत. वर तीं दोघें खेळांत दंग आहेत, आणि खालीं गण नंदीची थट्टा करीत आहेत. पुराणांतरीं कथा अशी कीं, या खेळांत शंकर आपलें सर्वस्व हरले. परंतु हरलेलें गेलें कोठें? पार्वतीकडे. तें घराबाहेर गेलें नाहीं. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस घरोघरीं द्यूत खेळण्याची जुनी चाल होती तिचेंहि मर्म आम्हांस हेंच दिसतें. तेथें मालकाचा भाग नसतो, आणि हरणाऱ्याचा पडलेला चेहरा जिंकणाऱ्यास पाहवत नाहीं. घरांतल्या खेळांतहि कोणी उधारी मांडूं लागला, किंवा दुबळ्या नातलगास मुद्दाम खेळास बसवूं लागला, तर त्या घराचाहि अड्डा होईल. कारण भेद जागेचा नाहीं, इच्छेचा आहे.

तेव्हां वडिलांस आमचें सांगणें असें कीं, अबोला हें उत्तर नव्हे, आणि मुलगा युधिष्ठिराच्या वाटेनें निघाला असें मानण्याचेंहि कारण नाहीं. मुलास सांगणें असें कीं, पैसे थोडे गेले किंवा कौशल्य फार लागलें, या दोन गोष्टींनीं प्रश्न सुटत नाहीं. समोर बसलेला माणूस अधिक शहाणा व्हावा असें तुला त्या रात्रीं वाटत होतें काय, एवढेंच स्वतःस विचार. येत्या दिवाळींत बापलेकांनीं सतरंजीवर पत्ते मांडावे, चिंचोके पणास लावावे, आणि हरेल त्यानें दुसऱ्या दिवशीं सर्वांसाठीं भजीं तळावीं. हूल कशी ओळखावी हें बापानें मुलास विचारावें. मुलगा तें आनंदानें सांगेल. आणि मांडवीवरच्या टेबलावर हीच गोष्ट समोरच्यापासून आपण जपून ठेविली होती, हें सांगतां सांगतां त्याच्या ध्यानांत येईल.